नजर जाते, पण दिसतं का? घरच्या टेबलावर करायचे डोळ्यांचे प्रयोग

मराठीत ‘मी बघतो’ म्हणतात, पण ‘मला दिसतं’. बघण्यात मी कर्ता असतो, दिसण्यात नुसता ‘मला’ उरतो. दृष्टी, लक्ष आणि डोळ्यांच्या हालचाली यांवरचं शंभरेक वर्षांचं संशोधन या दोन क्रियापदांमधल्या फटीतच चाललेलं आहे. डोळा एखाद्या गोष्टीवर पडला म्हणजे ती दिसलीच असं नाही. उलट डोळा दुसरीकडे असतानाही लक्ष मात्र तिसरीकडे असू शकतं. वर्गात फळ्याकडे बघत खिडकीतला पाऊस न्याहाळणाऱ्या कुठल्याही मुलाला हे माहीत असतं.

यातले बरेच प्रयोग घरी करता येतात. मे महिन्याच्या सुट्टीत भाचरं जमली की मी ते करतो. विज्ञान प्रदर्शनासाठी काही हवं असेल तर ज्वालामुखीपेक्षा हे बरं, कारण इथे मोजमाप आहे.

सामान: पत्त्यांचा कॅट, सुतळी, पट्टी, कोरे ए-फोर कागद, इअरबडचं पाकीट, टिकल्यांची दोन-तीन पाकिटं, मूठ-दोन मूठ डाळ, आरसा आणि स्लो-मोशन व्हिडिओ घेणारा मोबाईल. माणसं किमान दोन, तीन असतील तर उत्तम.

आधी ५७ सेंटिमीटरची सुतळी

नजरेचं मोजमाप सेंटिमीटरमध्ये करून उपयोग नाही. तीच टिकली जवळ धरली की मोठी, लांब धरली की लहान. म्हणून ती डोळ्याशी किती अंशांचा कोन करते ते मोजतात. कोनमापक लागत नाही. ५७.३ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ जवळजवळ ३६० सेंमी भरतो, म्हणजे डोळ्यापासून ५७ सेंमीवर १ सेंमी म्हणजे १ अंश. प्रयोगशाळांमध्येही पडदा याच अंतरावर ठेवायची जुनी सवय आहे, कारण मग पट्टीवरचा आकडा थेट अंशांत वाचता येतो.

सुतळी ५७ सेंमीवर कापा आणि टोकांना गाठी मारा. लोकर किंवा इलॅस्टिक नको, ताणलं की हिशेब गेला. हात सरळ लांब करून अंगठा धरलात तर त्याची रुंदी साधारण २ अंश भरते. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी तयारी डोक्याची. डोकं हललं की सगळं बिघडतं. टेबलाच्या कडेला पुस्तकांची चळत लावा आणि तिच्यावर हनुवटी टेकवायला सांगा. वरून घडी केलेला टॉवेल ठेवा, नाहीतर पाच मिनिटांत तक्रारी सुरू होतात.

पत्ता कुठे आला की कळतो?

डोळ्याच्या बरोबर खालची जागा केंद्र धरून टेबलावर ५७ सेंमी त्रिज्येचा अर्धवर्तुळाकार कंस खडूने काढा. समोर शून्य, आणि तिथून उजवीकडे-डावीकडे दर ५ सेंमीला एक खूण. शून्यावर एक बाटली ठेवून तिच्या झाकणावर ठिपका काढा. बसणाऱ्याने दोन्ही डोळे उघडे ठेवून फक्त त्या ठिपक्याकडे बघायचं.

मदतनीस पत्त्यांतून न बघता एक पत्ता काढतो आणि कंसाच्या अगदी टोकापासून, किंचित हलवत, एकेक खूण पुढे आणतो. बसणाऱ्याने तीन गोष्टी सांगायच्या: काहीतरी हलतंय हे कधी कळलं, लाल की काळा कधी कळलं, आणि पत्ता कोणता ते कधी वाचता आलं. तिन्ही वेळी खुणेचा आकडा लिहा. असे निदान दहा पत्ते, निम्मे डावीकडून.

हालचाल फार लवकर कळते. रंगाच्या बाबतीत लोक ठामपणे चुकीचं सांगतात. आणि आकडा? पत्ता ठिपक्याच्या अगदी शेजारी आला तरी सत्ता की अठ्ठा यावर घोळ चालू असतो. पहिल्यांदा करणारा माणूस हमखास म्हणतो, ‘पत्ता पालथा धरलाय का?’

कारण दृष्टिपटलाची रचना. त्यावर सुमारे १२ कोटी दंडाकार आणि ६० लाख शंकूच्या आकाराच्या पेशी आहेत, पण मेंदूकडे जाणाऱ्या ऑप्टिक नर्व्हमध्ये तंतू साधारण १० लाखच. सगळीकडचं चित्र सारख्या बारकाईने पाठवणं जमणारच नाही. म्हणून मधल्या फोव्हिया नावाच्या इवल्या खळग्यात शंकू दाटीवाटीने भरलेत, आणि त्याचा सगळ्यात तीक्ष्ण भाग एक-दोन अंशांचाच. म्हणजे लांब धरलेल्या अंगठ्याएवढा. बाकीचं जग आपल्याला कायम धूसरच मिळतं.

आता या प्रयोगातली खरी अडचण. पत्ता हलला की डोळा आपोआप तिकडे उडी मारतो, बसणाऱ्याला कळतही नाही. म्हणून तिसऱ्या माणसाने बाटलीमागे बसून फक्त त्याचे डोळे बघायचे. डोळा हलला की ती फेरी रद्द. वाद घालू नका, रद्दच. प्रयोगशाळेत हीच राखण सेकंदाला १,००० वेळा डोळा टिपणारे कॅमेरे करतात.

अंधबिंदूचा नकाशा

अंधबिंदू शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी ‘बघितलेला’ असतो. फ्रान्सच्या एडम मारिऑट यांनी तो १६६०च्या दशकात दाखवला. नुसतं ‘ठिपका गायब झाला’ म्हणून सोडून देऊ नका, त्याची हद्द आखा.

ए-फोर कागद आडवा करून भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. उजव्या कडेपासून २ सेंमी आत, मध्यावर फुली काढा. सुतळी लावून डावा डोळा फुलीसमोर, बरोबर ५७ सेंमीवर आणा. उजवा डोळा तळव्याने झाका, दाबू नका. आता डाव्या डोळ्याने फुलीकडे बघत राहायचं. मदतनिसाने एका इअरबडचं टोक काळ्या शाईत बुडवून ते फुलीपासून डावीकडे सावकाश सरकवत न्यायचं. पेन वापरलंत तर हात आणि पेनच दिसत राहतात. इअरबडची काडी पांढरी, कागद पांढरा, म्हणून फक्त काळं टोक उठून दिसतं.

काळं टोक नाहीसं झालं की ‘गेलं’ म्हणायचं, परत दिसलं की ‘आलं’. प्रत्येक वेळी पेन्सिलीने बारीक खूण. मग वरून खाली, खालून वर, तिरपं, असं आठ दिशांनी करा आणि खुणा जोडा. फुलीपासून साधारण १५ सेंमीवर, किंचित खाली, उभट अंड्यासारखा आकार मिळेल. रुंदी ५-६ सेंमी, उंची सातच्या आसपास. ऑप्टिक नर्व्ह डोळ्यातून बाहेर पडते ती ही जागा. तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत.

हात लांब करून शेजारी-शेजारी धरलेले दोन-अडीच अंगठे त्यात मावतील, आणि एवढं भोक घेऊन आपण एका डोळ्याने बिनधास्त वाचतो. नकाशा झाला की त्याच्या आरपार जाणारी जाड निळी रेघ काढून पुन्हा फुलीकडे बघा. रेघ तुटलेली दिसणार नाही. तुटलेली काढलीत तरी बहुधा अखंडच दिसेल. आजूबाजूला जे आहे तेच मेंदू तिथे भरून टाकतो.

नकाशात दुसरीकडेही कुठे टोक सतत गायब होत असेल, तर प्रयोग थांबवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. घरचा कागद म्हणजे तपासणी नव्हे.

डोळ्यांच्या उड्या

मला हा भाग सगळ्यात आवडतो.

आरशासमोर वीतभर अंतरावर उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, मग परत डाव्या. डोळे हलताना दिसतात का? नाही दिसत. शेजारी उभ्या माणसाला मात्र ते स्पष्ट हलताना दिसतात. रेमंड डॉज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९००च्या सुमारास याकडे लक्ष वेधलं. मग तेच मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात करा. तिथे डोळे हलताना दिसतात! कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर यायला क्षणभर उशीर होतो, तोवर उडी संपलेली असते आणि तुम्ही तिचं ‘रेकॉर्डिंग’ बघता.

या उडीला सॅकेड म्हणतात. जागेपणी सेकंदाला साधारण तीन सॅकेड होतात. उडी चालू असताना मेंदू बराचसा पडदा ओढून घेतो, नाहीतर दिवसभर जग फरफटल्यासारखं दिसलं असतं.

आता ती मोजू. भिंतीपासून डोळ्यांचं अंतर ११४ सेंमी ठेवा, म्हणजे सुतळी दोनदा. इथे २ सेंमी म्हणजे १ अंश. भिंतीवर २० सेंमी अंतरावर दोन टिकल्या लावा, म्हणजे १० अंश. तशाच ४० सेंमी अंतरावर दोन, म्हणजे २० अंश. मोबाईल बसणाऱ्याच्या समोर, नजरेच्या जरा खाली, पुस्तकांना टेकवून ठेवा आणि एकाच डोळ्यावर झूम करा. स्लो-मोशन २४० फ्रेमवर लावा. ‘डावी’, ‘उजवी’ असं म्हणत दहा उड्या घ्या.

हे दिवसा खिडकीजवळ करा. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि स्लो-मोशनमध्ये सगळा व्हिडिओ पट्ट्यापट्ट्यांनी भरतो. माझी एक अख्खी दुपार त्यात गेली आहे. मोबाईलचा टॉर्च डोळ्यावर मारून हा प्रश्न सोडवू नका.

मग व्हिडिओ फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत, बाहुली हलायला लागल्यापासून थांबेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. सॅकेडच्या वेळेचं एक ढोबळ सूत्र आहे: २१ मिलिसेकंद, अधिक दर अंशामागे २.२. म्हणजे १० अंशांना ४३ मिलिसेकंद, सुमारे १० फ्रेम. २० अंशांना ६५, सुमारे १५-१६ फ्रेम. तुमचे आकडे दोन-तीन फ्रेम इकडेतिकडे होतील, काही बिघडत नाही. बघायचं ते हे की अंतर दुप्पट झालं तरी वेळ दुप्पट होत नाही. उडी लांब तसा डोळ्याचा वेग जास्त. २० अंशांच्या उडीत सरासरीच सेकंदाला ३०० अंशांच्या वर जाते, आणि शरीराच्या फार थोड्या हालचाली इतक्या वेगाने होतात.

त्याच मांडणीत आणखी एक व्हिडिओ घ्या. बसणाऱ्याला सांगा, ‘डाव्या टिकलीपासून उजवीपर्यंत नजर सावकाश, न अडखळता सरकव.’ तो म्हणेल जमलं. व्हिडिओत दिसेल की डोळा बेडकासारखा उड्या मारत गेला. मग तुमचं बोट भिंतीवरून हळू सरकवा आणि त्याला बोटाकडे बघायला सांगा. आता डोळा लोण्यासारखा सरकतो. पाठलागाची ही हालचाल वेगळी आहे, आणि ती सुरू व्हायला बहुतेकांना हलणारी वस्तू लागतेच.

यावरून क्रिकेट. ‘चेंडूवरून नजर हटवू नकोस’ हे प्रत्येक प्रशिक्षक ओरडून सांगतो. मायकल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोक्याला कॅमेरे लावून बघितलं. चेंडू सुटताना फलंदाज त्याच्याकडे बघतो, मग नजर उडी मारून टप्पा जिथे पडणार त्या जागी आधीच जाऊन थांबते आणि चेंडूची वाट बघते. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर सुटत होती. म्हणजे नजर हटते, आणि हटली म्हणूनच चेंडू बॅटवर येतो.

वाचताना

वर्तमानपत्राच्या पानाच्या मध्यभागी पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा. वाचणाऱ्यासमोर पान उभं धरा आणि मागून भोकातून त्याचे डोळे बघा. ही शंभर वर्षांपूर्वीची युक्ती अजून चालते. डोळा ओळीवरून वाहत नाही. थांबतो, उडतो, थांबतो. दर थांबा साधारण पाव सेकंदाचा. अधूनमधून उलट, डावीकडे उडी येते, म्हणजे वाचक मागे गेला.

पाच ओळींतले थांबे मोजा आणि शब्दांच्या संख्येने भागा. मग तोच माणूस, दुसरा मजकूर: एकदा चांदोबाछाप गोष्ट, एकदा शासन निर्णय. ‘उपरोक्त संदर्भाधीन’ आलं की डोळा मागे कसा पळतो ते बघण्यासारखं असतं.

इंग्रजी वाचनाचे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका. तिथे एक उडी ७-९ अक्षरांची, आणि एका थांब्यात उजवीकडची साधारण १५ अक्षरं उपयोगी पडतात, असं १९७०च्या दशकापासूनच्या प्रयोगांत मोजलंय. तिथले ‘ऑफ’, ‘टू’ असे जोडणारे छोटे शब्द डोळा सर्रास गाळतो. आपल्याकडे हे जोडकाम शब्दालाच चिकटतं, ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द. शिवाय मात्रा वर, उकार खाली. म्हणून अक्षरं मोजण्याऐवजी दर शब्दामागे थांबे मोजा, आणि तुलना एकाच माणसाच्या दोन मजकुरांत करा.

टिकल्या: लक्ष मोजायचं कसं

इथवर डोळा मोजला. लक्ष दिसत नाही, त्यामुळे ते वेळेवरून ताडावं लागतं.

दोन प्रकारचे कागद बनवा. पहिल्या प्रकारात सगळ्या हिरव्या गोल टिकल्या आणि एकच लाल गोल. दुसऱ्यात लाल लांबट आणि हिरव्या गोल यांची सरमिसळ, आणि त्यात एकच लाल गोल. दोन्ही प्रकार ८, १६ आणि ३२ टिकल्यांचे. प्रत्येकात निम्म्या कागदांवर लाल गोल ठेवूच नका, नाहीतर लोक न बघताच ‘आहे’ म्हणतात.

एका कागदाचा वेळ स्टॉपवॉचने घेऊ नका. उत्तर अर्ध्या-एक सेकंदात येतं, आणि बटण दाबण्यातलाच गोंधळ दोन-दशांश सेकंदाचा. एकाच प्रकारच्या, एकाच संख्येच्या दहा कागदांची गड्डी करा, भराभर पलटत ‘आहे-नाही’ म्हणवून घ्या, आणि एकूण वेळेला दहाने भागा. गड्ड्यांचा क्रम नाणं उडवून ठरवा. पहिली गड्डी सरावाची, ती मोजायची नाही.

आलेख काढलात की पहिल्या प्रकाराची रेघ जवळजवळ आडवी येईल: ८ असोत की ३२, लाल टिकली आपण होऊन डोळ्यांत भरते. दुसऱ्याची रेघ चढेल, आणि ‘नाही’ म्हणायला लागणारा वेळ आणखी जोरात चढेल. ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८० साली यावरून मांडलं की रंग किंवा आकार एकेकटा सगळीकडून एकदम टिपला जातो, पण ‘लाल आणि गोल’ अशी सांगड घालायला लक्ष एकेका जागी न्यावं लागतं. पुढे या मांडणीत बरीच दुरुस्ती झाली, आलेख मात्र आजही तसाच येतो.

डाळ निवडणं

वीस ताटल्यांत मूठ-मूठ तूरडाळ पसरा. दहांत एकेक हरभऱ्याच्या डाळीचा दाणा टाका. प्रत्येक ताटलीसाठी उत्तर हवं, आहे की नाही, आणि किती चुकले ते लिहा. मग दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस बसवून वीसपैकी एकाच ताटलीत दाणा टाका, शक्यतो शेवटी-शेवटी.

जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी हे विमानतळावरच्या सामानतपासणीसारख्या चित्रांवर करून २००५ साली छापलं. निम्म्या चित्रांत वस्तू होती तेव्हा सुमारे ७ टक्के वेळा ती सुटली. शंभरात एकदाच असायची तेव्हा सुमारे ३० टक्के वेळा. क्वचित सापडणारी गोष्ट आपण लवकर शोधणं सोडतो. पाकीटबंद तांदळात हल्ली खडा नसतोच, म्हणून जो एखादा असतो तो नेमका दाताखाली येतो. एकाच ताटलीवरून निष्कर्ष काढू नका. पाच-सहा माणसं तरी बसवा.

सुटलेल्या दाण्यांबद्दल लोक म्हणतात, ‘मी तिकडे बघितलंच नसेल.’ ते खरं असेलच असं नाही. २०१३ साली ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा वो आणि वुल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या आणि शेवटच्या स्कॅनमध्ये एका गोरिलाचं चित्र मिसळलं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना तो दिसला नाही. डोळ्यांच्या नोंदी तपासल्यावर कळलं की त्यांतल्या बहुतेकांची नजर थेट गोरिलावरून गेली होती. शोध गाठींचा होता, गोरिलाचा नव्हता.

ओट्याचे दोन फोटो

शेवटचा प्रयोग सर्वांत सोपा. मोबाईल स्टँडवर लावून स्वयंपाकघराच्या ओट्याचा फोटो घ्या. मोबाईल न हलवता एक वस्तू काढा आणि दुसरा घ्या. मग कॅमेऱ्यावर बोट ठेवून एक काळा फोटो. गॅलरीत पहिला, काळा, दुसरा, काळा, पुन्हा पहिला, असा क्रम लावून सेकंदाला एक या बेताने सरकवा आणि बघणाऱ्याला विचारा, काय बदलतंय? काळा फोटो मध्ये नसला तर बदल झटकन हलल्यासारखा दिसतो आणि नजर तिकडे ओढली जाते. मध्ये काळं आलं की ती खूणच मिळत नाही, आणि माणसं मिनिट-मिनिट शोधत बसतात. रोनाल्ड रेन्सिंक आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली हे दाखवलं, आणि त्यांच्याच प्रयोगात असंही निघालं की चित्रातल्या महत्त्वाच्या वस्तूचा बदल इतर बदलांपेक्षा लवकर सापडतो.

महत्त्वाची कोणाला, हा प्रश्न घरी छान तपासता येतो. तोच संच घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळा दाखवा आणि सेकंद लिहा. मी गायब केला होता मिसळणाचा डबा. भाचरांना तो दीड-दोन मिनिटांनी सापडला, मेहुण्यांनी हात टेकले. आईने दुसऱ्याच फोटोला विचारलं, ‘डबा कुठे ठेवलायस?’